पत्ता-रूपांतराच्या पलीकडील सुरक्षित बोगदा

कापसाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले खामगाव १८७० साली जलंबहून निघालेल्या फाट्याने मुख्य लोहमार्गाशी जोडले गेले. आज गावोगावची दप्तरे संगणकावर आली असून त्यांना जोडणारा मार्ग इंटरनेटचा आहे. हा मार्ग सार्वजनिक असल्यामुळे लाभार्थ्यांच्या याद्या वा विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यावरून उघड्या पाठविणे इष्ट नव्हे. त्या बंदिस्त बोगद्यातून नेण्याच्या व्यवस्थेस आभासी खाजगी जाळे, अर्थात व्हीपीएन म्हणतात.

अडचण कोठे येते?

इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्तेच उपलब्ध आहेत. ते अपुरे पडल्याने एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक संगणक ठेवण्याची युक्ती निघाली. तिला पत्ता-रूपांतर किंवा ‘नॅट’ म्हणतात. हे काम करणारा राऊटर आवक-जावक कारकुनासारखा असतो. आतून गेलेल्या प्रत्येक संदेशाला तो जावक क्रमांक, म्हणजेच ‘पोर्ट’, देतो आणि त्या क्रमांकाचे उत्तर योग्य टेबलाकडे पोचवितो. बाहेरून अकस्मात आलेला संदेश कोणाचा, हे मात्र त्यास कळत नाही. तो संदेश तेथेच गळतो.

आयपीसेक या रूढ पद्धतीच्या सीलबंद संदेशावर असा क्रमांकच नसतो. म्हणून जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकाने तो संदेश क्रमांक असलेल्या दुसऱ्या पाकिटात घालण्याची सोय केली. बोलणी पोर्ट ५०० वर सुरू होतात व वाटेत रूपांतर आढळताच ४५०० वर जातात. नोंदवहीतील नोंद काही काळाने पुसली जात असल्याने दर वीस सेकंदांनी एक लहानसा संदेश पाठवून ती जिवंत ठेवली जाते. वायरगार्ड या नव्या पद्धतीत पाकीट मुळातच क्रमांकाचे असते. नोंद टिकविण्यासाठी तेथे पंचवीस सेकंदांचे अंतर सुचविलेले आहे.

उभारणी करताना

समजा, खामगावातील एक कार्यालय आणि तालुक्यातील एक शाळा यांना जोडावयाचे आहे.

१. निदान एका टोकास सार्वजनिक पत्ता असावा. बोगद्याची सुरुवात दुसऱ्या टोकाने करावी.

२. राऊटरचा बाहेरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असल्यास सेवा पुरविणारी कंपनीही रूपांतर करीत आहे असे समजावे. दोन्ही टोकांस अशी स्थिती असल्यास सार्वजनिक पत्ता असलेले तिसरे केंद्र, उदाहरणार्थ जिल्ह्याच्या ठिकाणी, मध्ये घ्यावे.

३. दोन्हीकडील अंतर्गत पत्ते भिन्न असावेत. दोघांकडेही १९२.१६८.१ ही एकच मालिका असल्यास पलीकडचा संगणक सापडत नाही.

४. पाकिटावर पाकीट चढल्याने संदेशाचा आकार वाढतो. लहान संदेश जातात, मोठी फाईल मात्र अडते असे दिसल्यास आकाराची मर्यादा कमी करावी.

दक्षता

बोगदा जुळत नाही म्हणून दप्तराच्या संगणकाचे दार थेट बाहेरच्यांसाठी उघडण्याचा मोह टाळणे अगत्याचे आहे. पत्ता-रूपांतर म्हणजे गुप्तता नव्हे. ती संकेतीकरणाने व जपून ठेवलेल्या किल्ल्यांनीच लाभते. कर्मचारी बदलून गेल्यास त्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी.

आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही. तिचा प्रसार होईल तसतशी रूपांतराची गरज ओसरेल. बोगद्याची गरज मात्र राहीलच, कारण दप्तरातील प्रत्येक नोंद ही नागरिकाने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे.