छडी, कायदा आणि निवासी शाळा

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘गुरुजींनी मारले, म्हणून आम्ही घडलो.’ त्यामागील कृतज्ञता खरी आहे. कार्यकारणभाव मात्र तपासावा लागेल. मेळाव्याला येतात ते टिकलेले विद्यार्थी. माराच्या धास्तीने पाचवीतच दप्तर टाकून गेलेला मुलगा आपली बाजू मांडायला येत नाही. आपल्या समाजात शाळा सुटणे म्हणजे वीटभट्टीची वा ऊसतोडीची वाट धरणे होय. त्यामुळे हा प्रश्न केवळ शिस्तीचा उरत नाही.

शिक्षकाच्या हाती छडी कायद्याने कशी आली, हे इतिहासात पाहू. इंग्रजी कायदा शिक्षकास पालकाचा प्रतिनिधी मानत असे. १८६० साली टॉमस हॉपली या शिक्षकाच्या मारहाणीत त्याचा विद्यार्थी मरण पावला. हॉपलीस शिक्षा झाली. पण त्याच खटल्यात ‘वाजवी’ मार देण्याचा अधिकारही न्यायालयाने मान्य केला. योगायोग असा की, त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय दंड संहिता मंजूर झाली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने वा त्याच्या संमतीने सद्भावनेने केलेल्या कृत्यास तिच्या ८९ व्या कलमाने संरक्षण दिले, आणि त्याचाच आधार शिक्षकांच्या बचावासाठी घेतला जाऊ लागला. इंग्लंडने सरकारी शाळांतील छडी १९८७ मध्ये बंद केली. आपले ते कलम मात्र २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत २७ व्या क्रमांकावर कायम आहे.

दिल्लीच्या १९७३ च्या शालेय नियमांत तर तळहातावर दहापर्यंत छड्या मारण्याची मुभा लेखी होती. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा नियम संविधानाच्या कसोटीवर रद्द केला. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेसह मानसिक छळासही बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आहे.

‘मानसिक छळ’ हे दोन शब्द आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमराव वेगळ्या गोणपाटावर बसत. शिपाई नसेल तर त्यांना पाणी मिळत नसे. त्या क्रौर्याला छडीची गरजच नव्हती. स्पर्श टाळणे हेच त्याचे रूप होते. आजही जातीवरून टोमणा मारणारा, शिष्यवृत्तीधारकांना वर्गासमोर उभे करून हिणवणारा शिक्षक ‘मी हातही लावला नाही’ असे म्हणू शकतो. कायद्याने ती पळवाट बुजवली आहे.

दोन फटी मात्र उरतात. शिक्षण हक्क कायद्यातील ‘बालक’ सहा ते चौदा वर्षांचे आहे. दहावीतला आमचा विद्यार्थी त्यात बसत नाही. दुसरे असे की, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू नसल्याचे ठरवले, आणि बौद्ध हा अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहे. म्हणजे बौद्ध संस्था या सवलतीकडे बोट दाखवू शकते. आमच्या मते तिने तसे कदापि करू नये. करूनही उपयोग नाही, कारण २०१५ चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण यातना दिल्यास कलम ७५ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. मुलांची काळजी सोपवलेल्या संस्थेच्या कर्मचाऱ्यास तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हे कलम अवश्य वाचावे.

सिगालोवाद सुत्तात आचार्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शिष्यास सर्व दिशांनी सुरक्षित करणे हे त्यांतील एक. ताडनाचा उल्लेख पाचांत कोठेही नाही.

राहिला तक्रारीचा मार्ग. शिक्षण हक्क कायद्यानुसार पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करू शकतात; तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा लागतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. पण निवासी शाळेतील मुलाचे आईवडील शेकडो मैल दूर असतात. त्याच्यासाठी १०९८ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर ठळक लिहिलेला असावा, आणि अधीक्षकांच्या खोलीबाहेरील फोन त्याला न विचारता वापरता यावा.