अलेक्झांड्रियात मिळालेली पस्तीस मिनिटं

बस नेमकी फाटकासमोर वाहतुकीत अडकली म्हणून कळलं, नाहीतर कळलंही नसतं. कोम अल-दिक्काच्या दारातून पंधरा-वीस माणसं हातात तिकिटं घेऊन बाहेर येत होती. आणि जेवणाच्या टेबलावर आमच्या गाइडनं सांगितलं होतं, "तिथे दुरुस्ती चालू आहे, आज बंद." मी उठून त्याच्यापाशी गेले, खिडकीतून बोट दाखवलं. त्यानं बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, त्यांचं तिकीट वेगळं." एवढं बोलून माइक घेतला आणि पुढच्या थांब्याची माहिती सांगायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. खोटं पकडलं गेल्यावर माणूस निदान नजर चुकवतो, तेही नाही.

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. कोम अल-दिक्काचं संगमरवरी पायऱ्यांचं रोमन प्रेक्षागृह सगळ्यांच्या फोटोंत असतं. मला बघायचे होते त्याच्या शेजारचे वर्ग. सहाव्या शतकाच्या सुमारास तिथे विद्यार्थी शिकायचे. अशा वीसवर खोल्या उत्खननात सापडल्या आहेत. भिंतींना लागून दगडी बाकं आणि मधोमध गुरुजींचं उंच आसन. शिवाय मी पैठणची. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणचं आणि तेरचं नाव आहे. इथला माल बैलगाड्यांतून भडोचला, तिथून जहाजानं तांबड्या समुद्राच्या बंदरांवर आणि पुढे वाळवंट ओलांडून नाईलमार्गे अलेक्झांड्रियाला जायचा. त्या गावात एक दिवस मिळावा म्हणून मी कैरोतला दिवस सोडला, वेगळे पैसे भरले.

त्या दिवसाचं काय झालं ते सांगते. सातला निघणार होतो. आणखी दोन हॉटेलांतली मंडळी गोळा करत सव्वाआठ झाले. वाळवंटातल्या रस्त्यानं सव्वादोनशे किलोमीटर, मध्ये चाळीस मिनिटांचा चहा. बारा वाजता शहरात. पॉम्पीच्या खांबापाशी पस्तीस मिनिटं. तिथेही गाइड पॉम्पीचीच गोष्ट सांगत राहिला. खांब सम्राट डायोक्लेशियनसाठी उभारलेला आहे, हे मी शेजारच्या दोघींना सांगितलं. मग पपायरसचं दुकान: १२.५२ ते २.०४. मग जेवण, दीड तास. ग्रंथालय बाहेरून, दहा मिनिटं. कायतबेच्या किल्ल्यावर पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. जुन्या जगातलं ते दीपगृह जिथे उभं होतं तिथेच हा किल्ला १४७७च्या सुमारास बांधला. आम्ही भिंतीला हात लावून परत फिरलो.

पपायरसच्या दुकानाच्या वेळा मी मिनिटासकट सांगू शकते, कारण माझ्या मोबाइलमधल्या फोटोंवर त्या आहेत. परत आल्यावर कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की प्रवासी खरेदीत रमले, म्हणून उशीर झाला. मी एक कागदही घेतला नव्हता. दार लोटून तीन वेळा बाहेर आले होते आणि तिन्ही वेळा "बस, पाच मिनिटं" ऐकलं होतं. फोटो पाठवल्यावर उत्तरं थांबली.

म्हणून सांगते. कार्यक्रमपत्रिकेत ठिकाणांची नावं असतात, त्यांना काही अर्थ नाही. प्रत्येक नावापुढे आत किती वेळ आणि तिकीट कोण काढणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. 'दर्शन' किंवा 'पाहणी' असं लिहिलं असेल तर ते बसच्या खिडकीतून समजा. दुकानाचे थांबे किती, हेही विचारा. 'नाहीत' म्हणाले तर तेही लिहून मागा. 'बंद आहे' हे गाइडच्या तोंडून मानू नका, दारापर्यंत चालत जा. मी बसमधून उतरायला हवं होतं. अजून त्याचाच त्रास होतो. इजिप्तमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, वेळा आदल्या दिवशी तपासा. पाणी, टोपी, चांगले बूट हे तर आहेच.

आणि चालता येत असेल तर गटानं जाऊच नका. कैरोच्या रामसेस स्थानकावरून गाडी मिळते, अलेक्झांड्रियात शेवटच्या मस्र स्थानकावर उतरायचं. कोम अल-दिक्का तिथून पायी जाण्याइतकं जवळ आहे. हे मला परत आल्यावर नकाशा बघताना कळलं.

परतीच्या वाटेवर अंधारात गाइड पाकीट फिरवत आला. तिथेही शब्द आपलाच, 'बक्षीस'. मी पाकीट तसंच पुढे दिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत, पण पैसे त्यांनीही टाकले नाहीत.

कंपनीकडे मी पैसे मागितलेले नाहीत. कोम अल-दिक्का त्या दिवशी उघडं होतं, एवढं एक वाक्य लिहून द्या म्हटलं आहे. तीन महिने झाले.