शेव निर्दोष होती

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्या रामबागेतल्या घरी आला तो रडवेला होऊनच. "मामा, माझा माणूस आपोआप डावीकडे चालतो!" त्याच्या हँडहेल्ड कन्सोलची डावी जॉयस्टिक हात न लावताही खेळाडूला डावीकडे ओढत होती. याला ड्रिफ्ट म्हणतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कारण मात्र लगेच सापडलं, असं वाटलं. पोह्यांवरची शेव खाता खाता त्याच हातांनी खेळ चालायचा आणि जॉयस्टिकच्या बुडाशी दोन पिवळे कण चिकटलेले होते. मुद्देमाल हाती लागला, आरोपी ठरला.

बिजागरीला मारायचा गंजाचा स्प्रे आणला आणि फटीत फुसकन मारला. माणूस थांबला. भाचा खूश, मी त्याहून खूश. तिसऱ्या दिवशी चालणारा तो माणूस पळायला लागला.

मग मी कन्सोल उघडायला बसलो. स्क्रूची चीर तीन पाकळ्यांची, माझा पेचकस साधा. दोन स्क्रूंची तोंडं घासून गुळगुळीत झाली. आत जॉयस्टिकची कागदासारखी चपटी केबल दिसली. ती जिथे बसते तिथे नखाच्या कोरेएवढी काळी खिटी असते. ती उचलली की केबल आपसूक सुटते. मी सरळ केबल ओढली. 'टक्' आवाज झाला आणि खिटी उडून सतरंजीत हरवली.

शेवटी दुरुस्तीसाठी जेल रोडवरचं डॉलर मार्केट गाठलं. कारागिराने भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "भिया, नब्ज़ देखे बिना ऑपरेशन कर दिया?"

मग त्याने समजावलं. जॉयस्टिकच्या पोटात दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या हालचालीचा. कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक जीभ सरकते, तसा व्होल्टेज बदलतो आणि त्यावरून कन्सोलला दिशा कळते. जॉयस्टिक सोडली की हा व्होल्टेज साधारण मधोमध यायला हवा. घासून घासून कार्बन झिजला, की हा मध्यच सरकतो. आमची शेव टोपीखालीच अडकली होती, पट्टीपर्यंत पोहोचलीच नव्हती. उलट माझ्या तेलकट स्प्रेने झिजेची भुकटी पट्टीवर लिंपून टाकली होती.

माझी चूक क्रमाची होती. जे परत फिरवता येतं ते आधी करावं, जे येत नाही ते शेवटी.

पहिलं, सेटिंगमध्ये जाऊन कॅलिब्रेशन करा. सोय असेल तर डेड झोन, म्हणजे मधल्या ज्या हालचालीकडे कन्सोल दुर्लक्ष करतो ती जागा, थोडी वाढवा. थोड्या ड्रिफ्टला एवढंही पुरतं.

दुसरं, जॉयस्टिकशेजारच्या कवचावर अंगठ्याने हलकेच दाबा. ड्रिफ्ट थांबला तर आतला पत्रा सैल झालेला असू शकतो. काही चपट्या जॉयस्टिकमागे साधारण 1 मिलिमीटर जाडीचा पुठ्ठ्याचा तुकडा ठेवूनही काम भागतं.

तिसरं, साफ करायचं तर 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही थेंबभर, कन्सोल बंद करून; आणि पूर्ण वाळेपर्यंत चालू करू नका. धूळ निघेल, झिजलेला कार्बन मात्र परत येणार नाही.

चौथं, उघडायचंच असेल तर आधी वॉरंटी बघा. योग्य पेचकस घ्या, कागदावर आकृती काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी ठेवा आणि आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरी सोडवा. बॅटरीजवळ धातूचं हत्यार नको. ती फुगलेली दिसली तर तिथेच थांबा.

जॉयस्टिक बदलायचीच वेळ आली तर आपल्या मॉडेलला हॉल इफेक्टची मिळते का, विचारा. एडविन हॉलने 1879 साली शोधलेल्या तत्त्वावर ती चालते: चुंबक हलतो, सेन्सर तो ओळखतो, मोजणीच्या जागी घासणं नाही. बसवल्यावर कॅलिब्रेशन मात्र हवंच, आणि चुंबकाचं झाकण असलेलं कव्हर लांब ठेवावं.

आमच्या कन्सोलला तीच बसवली, खिटीची जोडणीही नवी टाकली. आता माणूस जागच्या जागी उभा राहतो. मी खोलीत शिरलो की भाचा आधी कन्सोल उशीखाली सरकवतो. शेवेची वाटी मात्र उघडीच असते.