राष्ट्रचिन्हांतील प्राणी : उगम आणि अर्थ

राष्ट्राच्या मुद्रेवर किंवा खेळाडूच्या पोशाखावर एखादा प्राणी दिसला, की त्या प्राण्याचे गुण त्या राष्ट्राने आपले म्हणून स्वीकारले असावेत, अशी सर्वसाधारण समजूत असते. सिंह शूर, म्हणून शूरांचे चिन्ह सिंह, असा हा सरळ हिशेब. परंतु अशा चिन्हांचा इतिहास तपासला असता क्रम पुष्कळदा उलटा आढळतो. प्राणी येतो तो एखाद्या घराण्याच्या मुद्रेवरून, शब्दाच्या श्लेषातून अथवा शत्रूच्या थट्टेतून. गुण त्याला मागाहून चिकटतात. इंग्लंड, फ्रान्स व दक्षिण आफ्रिका या तीन देशांची उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

पश्चिम युरोपात ढालीवर वंशपरंपरागत चिन्हे रंगविण्याची प्रथा बाराव्या शतकात रूढ झाली. पहिल्या रिचर्डच्या दुसऱ्या राजमुद्रेवर, ११९८ च्या सुमारास, एकाखाली एक असे तीन सिंह दिसतात. त्या काळी इंग्लंडच्या रानात सिंह नव्हता. तो राजघराण्याचा होता. त्याचे नावही निश्चित नव्हते. मागील पायांवर उभा तो सिंह, आणि चालता चालता पाहणाऱ्याकडे तोंड वळविलेला तो ‘लेपर्ड’, असा मध्ययुगीन फ्रेंच कुलचिन्हशास्त्राचा संकेत होता. म्हणजे प्राण्याची जात त्याच्या शरीरावरून नव्हे, तर पवित्र्यावरून ठरत असे! १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. १८७२ साली ग्लासगो येथे स्कॉटलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तेव्हा इंग्लिश खेळाडूंच्या सदऱ्यांवर हेच तीन सिंह होते. १९४९ साली असोसिएशनला स्वतःचे अधिकृत कुलचिन्ह मिळाले आणि सिंहांभोवती दहा ट्यूडर गुलाब आले. राजाच्या मुद्रेवरचा सिंह अशा रीतीने प्रेक्षकांचा झाला.

फ्रान्सच्या कोंबड्याची कथा अधिक मनोरंजक आहे, कारण तिच्या मुळाशी केवळ भाषा आहे. लॅटिनमध्ये ‘गालुस’ या एकाच शब्दाचे ‘गॉल देशाचा रहिवासी’ आणि ‘कोंबडा’ असे दोन अर्थ होतात. मध्ययुगात फ्रान्सच्या शत्रूंनी या श्लेषाचा उपयोग टवाळीसाठी केला. फ्रेंचांनी तो शब्द नाकारला नाही. त्याचा अर्थ पालटला. चर्चच्या शिखरावरचा कोंबडा ख्रिस्ती परंपरेत पहाटेचा व जागृतीचा सूचक होताच; त्याचा आधार घेऊन टवाळीचा पक्षी दक्षतेचा पक्षी बनला. राज्यक्रांतीने त्याला जवळ केले. १८०४ साली साम्राज्याचे चिन्ह ठरविताना सल्लागारांनी कोंबडा सुचविला, तेव्हा नेपोलियनने त्याला दुबळा ठरवून रोमन परंपरेतील गरुड पत्करला. १८३० च्या क्रांतीनंतर मात्र कोंबडा ध्वजदंडांवर परतला. १८४८ च्या प्रजासत्ताकाच्या मुद्रेवर स्वातंत्र्यदेवतेच्या हाताखालील सुकाणूवरही तोच आहे. १९५८ च्या संविधानात राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत व बोधवाक्य यांचा उल्लेख आहे, कोंबड्याचा नाही. तरीही फुटबॉल आणि रग्बीच्या मैदानावर फ्रान्सची ओळख त्याच्यावाचून पुरी होत नाही. १९९८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे शुभचिन्हही कोंबडाच होते.

दक्षिण आफ्रिकेत चिन्हाचा प्राणी खरोखरच त्या भूमीतला होता. स्प्रिंगबॉक हे उंच उड्या घेणारे चपळ हरिण. १९०६ साली पॉल रूस याच्या नेतृत्वाखाली ब्रिटनच्या दौऱ्यावर गेलेल्या रग्बी संघाने हे नाव धारण केले. पण तो संघ गोऱ्यांचाच होता. पुढे वर्णभेदाच्या काळात या चिन्हाचा अर्थ हरणाच्या चपळाईने ठरला नाही, तर कोणाला तो सदरा घालता येत नाही यावरून ठरला; अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षक प्रतिस्पर्धी संघाचा जयघोष करीत. १९९४ च्या सत्तांतरानंतर हे चिन्ह कायमचे काढून टाकावे, ही मागणी स्वाभाविक होती. क्रिकेट संघाने प्रोटिया हे फूल स्वीकारले. रग्बीत मात्र हरिण राहिले, कारण नेल्सन मंडेला यांनी त्याची पाठराखण केली. २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्ग येथे विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ते तोच सदरा घालून उपस्थित राहिले. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडवर १५-१२ असा विजय मिळविला. पुढे रग्बीच्या सदऱ्यावरही हरणासोबत प्रोटिया आले. एका प्रसंगाने जुनी जखम भरून येते असे नव्हे. पण ज्यांना वगळण्याची ती खूण होती, त्यांच्या प्रतिनिधीने ती परिधान केल्यामुळे तिचा दुसरा अर्थ शक्य झाला.

या प्रकाशात भारताच्या मुद्रेकडे पाहणे उचित ठरेल. सारनाथचे सिंह २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताकाचे चिन्ह झाले. इंग्लंडच्या सिंहाप्रमाणे ते एका राजाच्या आज्ञेने घडले असले, तरी त्यांचा संदर्भ निराळा आहे. बुद्धाला ‘शाक्यसिंह’ म्हटले जाई व त्याच्या उपदेशाला सिंहनाद. हे सिंह शिकारीचे नव्हेत, धर्मघोषाचे आहेत. प्राणी तोच, अर्थ वेगळा. म्हणूनच चिन्हाविषयीचा वाद हा प्राण्याविषयीचा नसतो. त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हाच त्यातील खरा प्रश्न असतो.