काडेपेटीवरील चित्र

मुलांनो, काडेपेटीवरील चित्र तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा काडेपेट्यांचा कारखाना अंबरनाथ येथे होता. तिच्या एका पेटीवर जहाज असे. ज्याला अक्षरओळख नाही, तोही जहाज पाहून आपली पेटी ओळखी.

माझा एक विद्यार्थी बदलापूरहून आगगाडीने मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयात जात असे. एकदा त्याने काडेपेटीसाठी समईचे चित्र काढावयास घेतले. ते अपुरे असतानाच त्याने शेजारच्या वाण्याला दाखविले. चित्र हातभर दूर धरून वाणीकाका म्हणाले, "वा! मोर छान जमला आहे!"

तो खट्टू झाला. मग त्याच्या ध्यानात आले, की समईवरील मोराच्या नक्षीत समईच हरवली होती. त्याने नक्षी पुसली. एक दांडा आणि एक ज्योत ठेवली. चित्र पेटीएवढे लहान करून पुन्हा दाखविले. काका तत्काळ म्हणाले, "समई!"

अपुरे काम दाखविताना संकोच वाटतो. परंतु दोष सुधारण्याची वेळ तीच असते. छपाई झाल्यावर तोच दोष हजारो पेट्यांवर उमटतो.

प्रश्न : वाणीकाकांना समई का दिसली नाही?