विभाज्यतेच्या कसोट्या : नियमामागील कारण

स्पर्धा परीक्षेत वेळ थोडा आणि आकडे मोठे असतात. तेथे विभाज्यतेच्या कसोट्या उपयोगी पडतात. परंतु नुसते पाठांतर ऐनवेळी दगा देते. म्हणून नियमामागील कारण समजून घ्यावे.

शेवटच्या दोन अंकांनी होणाऱ्या संख्येला ४ ने भाग गेला, तर मूळ संख्येलाही जातो. कारण १०० ला ४ ने निःशेष भाग जातो.

९ साठी अंकांची बेरीज का पाहतात? १० म्हणजे ९ + १ आणि १०० म्हणजे ९९ + १. म्हणून ५७६ = (५ × ९९ + ७ × ९) + (५ + ७ + ६). पहिल्या कंसाला ९ ने भाग जातोच. उरलेल्या बेरजेला, म्हणजे १८ लाही जातो. म्हणून ५७६ लाही जातो. ३ ची कसोटीही अशीच.

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी 'हर्षद संख्या' असे नाव दिले. ५७६ ÷ १८ = ३२, म्हणून ५७६ ही हर्षद संख्या आहे. कापरेकरांची प्रसिद्ध ६१७४ ही संख्या हर्षद आहे का, हे वडगावच्या मुला-मुलींनी स्वतः पडताळावे. कारण उमगले, की विसरलेला नियमही पुन्हा मांडता येतो.