हॉटेल उघडले, खिडकीही उघडा



५ ऑक्टोबर २०२० पासून राज्यातली हॉटेले निम्म्या गिऱ्हाइकांसाठी उघडली. वर्ध्यातल्या आपल्या वस्त्यांमधून वाढपी, आचारी, भांडी घासणाऱ्या बाया पुन्हा कामावर निघाल्या. मार्चपासून चूल कशी पेटली हे आम्ही पाहिले आहे. जाऊ नका असे म्हणणार नाही.

तेव्हा दारावर ताप मोजत, ठीक. पण ताप येण्याआधीही माणूस कोरोना पसरवतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात २४ जानेवारीला एका हॉटेलात शेजारच्या टेबलांवर जेवलेल्या तीन कुटुंबांतले १० जण बाधित निघाले. तिथे खिडकी नव्हती, एसी तीच हवा फिरवत होता.

म्हणून दार-खिडक्या उघड्या हव्यात, एक्झॉस्ट पंखा सुरू हवा. कूलर खिडकीत बसवला तर बाहेरची हवा आत आणतो. खोलीत ठेवला तर आतलीच फिरवतो. गिऱ्हाईक जेवताना मास्क काढणारच, वाढणाऱ्याचा मात्र नाकाखाली येऊ नये. चहा बाहेरच्या बाकावरच घ्या.

ताप-खोकला आला तर सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट आहे. त्या दिवसांची मजुरी कापणार नाही, हे मालकाकडून आधीच कबूल करून घ्या. एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून.